विजेची मोटार आणि सोलापूरचें ऊन

सोलापूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास उन्हाची ओळख करून द्यावयास नको. फाल्गुन सरतां सरतां माळावरचें गवत करडें पडतें, विहिरींचे तळ दिसूं लागतात, आणि चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जाऊन कित्येक दिवस ४२-४३ अंशांवर ठाण मांडून बसतो. अशा दिवसांत बैल भर दुपारीं औतास जुंपूं नये, दमून आलेल्या जनावरास लागलीच पाण्यावर सोडूं नये, हें ज्ञान आम्हांस वाडवडिलांकडून आलेलें आहे. परंतु गेल्या पांच-सहा वर्षांत आमच्या दारांत एक नवें वाहन येऊन उभें राहिलें आहे. त्यासही ऊन बाधतें, त्याचीही तहान भागवावी लागते, ही गोष्ट मात्र अद्याप पुष्कळांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. हें वाहन म्हणजे विजेची मोटार. तिच्या थंडाव्याच्या व्यवस्थेविषयीं चार शब्द लिहावे व त्या बाबतींत शेतकऱ्यानें, कारखानदारानें आणि आमच्या संस्थेनें काय करावें हें स्पष्टपणें सांगावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

विजेच्या गाडीस इंजिन नाहीं, धूर नाहीं आणि पाणी घालण्याची कटकटही नाहीं, असें विक्रीच्या दुकानांत ऐकावयास मिळतें, व घेणाराही तें खरें मानून चालतो. ह्यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी मात्र लोकांच्या नुकसानीस कारण होत आहे. जानेवारी २०२० मध्यें टाटांची नेक्सॉन ही गाडी विजेवर चालणारी म्हणून बाजारांत आली, तेव्हांपासूनच तिच्या बॅटरीस द्रवानें थंड ठेवण्याची योजना आहे. अगदीं लहान व हलक्या गाड्या वगळल्या तर आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक चारचाकी विजेच्या गाड्यांत नळ्या, पंप, रेडिएटर, पंखा आणि कूलंट हें सर्व असतेंच. तें दिसत नाहीं, कारण तें पाहण्याची वेळ क्वचित् येते. पण वेळ आली म्हणजे ती बहुधा भर दुपारीं, घाटाच्या चढावर आणि मुलाबाळांसह येते.

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या आप्तवर्गांतील एक गृहस्थ सहकुटुंब तुळजापूरास देवीच्या दर्शनास निघाले. सोलापूरपासून तुळजापूर अवघें ४५ किलोमीटर. निघण्यापूर्वीं भर दुपारीं त्यांनीं जलद चार्जिंगच्या ठाण्यावर गाडी भरून घेतली, आणि लागलीच पांच माणसें बसवून, आंतील थंड हवेचें यंत्र पूर्ण जोरानें लावून ते मार्गस्थ झाले. बालाघाटाचा चढ लागतांच समोरच्या पडद्यावर कांसवाचें चित्र उमटलें व गाडीचा जोर निम्म्यावर आला. गाडी कडेस घेऊन त्यांनीं पुढचें झांकण उघडलें, तों कूलंटची टांकी खालच्या खुणेच्याही खालीं उतरलेली. शेजारीं डाळिंबाची बाग होती. तेथील बोअरच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यांनीं टांकींत ओतल्या. अर्ध्या तासानें कांसव गेलें, गाडी चालूं लागली, आणि मंडळींनीं देवीची कृपा मानून दर्शन घेतलें.

ती कृपा तीन आठवडे टिकली. पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णीच्या पुढें गाडी साफ बंद पडली. ती दुसऱ्या वाहनावर चढवून पुण्यास न्यावी लागली. तेथें ती अठरा दिवस पडून होती. प्रथम सांगण्यांत आलें कीं सबंध बॅटरीच गेली, आणि खर्चाचा आंकडा लाखांच्या घरांत निघाला. पुढें दुसऱ्या एका अनुभवी कारागिरानें नळ्यांच्या सबंध फेऱ्यांत दाब भरून पाहिला, तेव्हां एका नळीच्या तोंडावरची आवळपट्टी ढिली असून तेथून थेंब थेंब गळती होत होती असें निष्पन्न झालें. गळतीमुळें टांकी उतरली, नळ्यांत हवा शिरली, आणि पंप द्रवाऐवजीं हवेंतच फिरून जळाला. दोष काय तो त्या पट्टीचा. तिची किंमत कांहीं रुपयांची! परंतु टांकींत परकें, गढूळ व जड पाणी सांपडलें, तेवढ्यावरून हमी नाकारण्यांत आली, आणि नवा पंप, सबंध फेऱ्याची धुलाई व नवें कूलंट मिळून सुमारें ४३,००० रुपये त्या गृहस्थांस खिशांतून भरावे लागले. पट्टी कारखान्यांतूनच ढिली आली होती कीं मागच्या दुरुस्तींत ढिली राहिली, हा वाद घालण्यास त्यांस जागाच उरली नाहीं. बोअरच्या दोन बाटल्या पाण्यानें सारा पुरावा धुऊन नेला होता. गाडी कोणाची व दुरुस्तीचें ठिकाण कोणतें हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असा प्रकार कोणाच्याही गाडीच्या बाबतींत घडूं शकतो, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

आतां ही उष्णता येते कोठून, तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत जळलेल्या इंधनाचा पाव ते तिसरा हिस्साच चाकांस लागतो. बाकीचा उष्णतेच्या रूपानें वायां जातो. विजेच्या मोटारींत हा हिशेब उलट आहे. तेथें शंभरांतील नव्वद किंवा त्याहूनही अधिक भाग कामास लागतो. म्हणून एकंदर उष्णता थोडी. परंतु बॅटरी हा पदार्थ नाजूक. लोखंडी इंजिन ९० अंशांवर सुखानें चालतें. लिथियमच्या बॅटरीस मात्र साधारणपणें १५ ते ३५ अंशांचें उष्णमान मानवतें. ४५ अंशांपुढें ती झपाट्यानें झिजूं लागते. दर १० अंशांच्या वाढीबरोबर रासायनिक क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा एक ठोकताळा आहे. त्यावरून उन्हाळ्यांतली बेपर्वाई किती महाग पडते हें समजावें.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. तारेंतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. विजेचा दाब कमी असतां विहिरीवरची मोटार अधिक प्रवाह ओढते व तापून जळते, हा अनुभव आमच्यांपैकीं कोणास नाहीं? तोच न्याय येथेंही लागूं आहे. गाडी जलद भरतांना व चढावर जोरानें नेतांना प्रवाह मोठा असतो. ५० किलोवॅटच्या ठाण्यावर गाडी भरतांना शेंकडा ५ भाग जरी उष्णता झाली असें धरलें, तरी अडीच किलोवॅटची शेगडी बॅटरीच्या पोटांत पेटविल्यासारखें होतें. तुळजापूरच्या त्या प्रवासांत अगोदर ही शेगडी पेटली, ती निवण्यापूर्वींच घाटाचा चढ लागला, आणि वर वैशाखाचें ऊन होतें. तीन संकटें एका तासांत एकत्र आलीं, आणि त्यांस तोंड देणारें कूलंट टांकींत पुरेसें नव्हतें.

ही उष्णता बाहेर नेण्यासाठीं गाडींत बहुधा दोन फेरे असतात. गाड्यागणिक मांडणी थोडीफार निराळी असली तरी तत्त्व एकच. एका फेऱ्यांतील कूलंट मोटार व तिच्या विद्युत् उपकरणांभोंवतीं फिरून पुढच्या रेडिएटरांत येतें व वाऱ्यानें निवतें. दुसऱ्या फेऱ्यांतील कूलंट बॅटरीच्या पेट्यांलगतच्या पोकळ पत्र्यांतून फिरतें. ह्या दुसऱ्या फेऱ्याचें मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. वाऱ्यानें निवणारी वस्तु वाऱ्याहून थंड होऊं शकत नाहीं. बाहेर ४३ अंश असतां रेडिएटर कितीही मोठा केला तरी तो बॅटरीस ३५ अंशांवर आणणार नाहीं. म्हणून तेथें बैठकींतील हवा थंड करणाऱ्या यंत्राचीच मदत घेतात. त्या यंत्राचा थंड गॅस आणि बॅटरीचें कूलंट हीं एका लहानशा पेटींत परस्परांच्या शेजारून वाहतात, आणि गॅस कूलंटची उष्णता ओढून घेतो. अर्थात् आमच्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत हें थंड हवेचें यंत्र ही चैनीची बाब राहत नाहीं. बॅटरीचें आयुष्य त्यावर अवलंबून आहे. त्यांतील गॅस कमी झाला तर माणसांस घाम येईल, एवढेंच नव्हे, तर गाडीचा सर्वांत महाग भागही तापूं लागेल.

उष्ण प्रदेशांत ह्या गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण परदेशांत घडून गेलें आहे. निस्सान कंपनीची लीफ ही विजेची गाडी डिसेंबर २०१० मध्यें विक्रीस आली. तिच्या बॅटरीस द्रवाचा थंडावा नव्हता. २०१२ सालीं अमेरिकेंतील अॅरिझोना प्रांतांत, म्हणजे सोलापूरासारख्याच किंबहुना अधिकच तापणाऱ्या मुलखांत, बॅटरी वेळेपूर्वींच खंगत असल्याच्या तक्रारी मालकांनीं एकजुटीनें पुढें आणल्या. कंपनीस गाड्या तपासून पाहाव्या लागल्या, आणि अखेर बॅटरीची शक्ति टिकण्याविषयीं वाढीव हमी द्यावी लागली. ह्यावरून दोन बोध निघतात. ऊन हें बॅटरीचें खरें वैरी आहे, हा पहिला. आणि गिऱ्हाइकांनीं आपल्या गाड्यांच्या नोंदी ठेवून एकत्र तक्रार केली तर कारखानदारास ती ऐकावी लागते, हा दुसरा.

आतां दोष ओळखण्याच्या रीतीकडे वळूं. हें काम पूर्णपणें कारागिराचें असलें, तरी निदानाचा पहिला अर्धा भाग मालकास घरींही करतां येतो. आणि तो केला म्हणजे दुरुस्तीच्या ठिकाणीं त्याची दिशाभूल होण्याची भीति उरत नाहीं. प्रथम पाहावें कीं सूचना केव्हां येते. केवळ चढावर किंवा वेगानें चालतांना येत असेल, तर संशय मोटारीच्या फेऱ्यावर, म्हणजे रेडिएटर, पंखा व त्या फेऱ्याचा पंप ह्यांवर घ्यावा. चार्जिंगच्या वेळीं येत असेल, तर संशय बॅटरीच्या फेऱ्यावर घ्यावा. नंतर आंतील थंड हवा तपासावी. बैठकही नीट थंड होत नसेल, तर गॅस कमी झाला आहे किंवा गॅसचें यंत्र बिघडलें आहे असें मानण्यास जागा आहे. बैठक उत्तम थंड होते, पण बॅटरी मात्र तापते, असें असल्यास कूलंटची पातळी, पंप, नळ्यांत अडकलेली हवा किंवा गॅस बॅटरीकडे वळविणारी झडप ह्यांपैकीं कोठेंतरी दोष आहे.

पातळी पाहावयाची ती सकाळीं, गाडी पूर्ण थंड असतांना, बाहेरूनच. टांकीवर वरची व खालची अशा दोन खुणा असतात. हा फेरा बंद असल्यामुळें त्यांतील कूलंट पेट्रोलाप्रमाणें खर्च होत नाहीं. म्हणून महिन्यागणिक पातळी उतरत असेल तर कोठेंतरी गळती आहे असेंच समजावें, आणि केवळ भर घालून समाधान मानूं नये. बांध फुटला असतां वरून पाटाचें पाणी वाढविणारा शेतकरी शहाणा ठरत नाहीं. गाडी उभी असेल त्या जागीं जमिनीवर ओल किंवा रंगीत डाग दिसतो काय, हेंही पाहावें. मात्र थंड हवेच्या यंत्राखालीं ठिबकणारें स्वच्छ, बिनरंगी पाणी हा दोष नव्हे. यानंतर कानाचा उपयोग करावा. चार्जिंग चालू असतां गरम दिवसांत पुढील पंख्याचा आवाज व पंपाची बारीक गुणगुण बहुधा ऐकूं येते. एरवीं येणारा आवाज मुळींच येत नसेल, किंवा नळ्यांतून बुडबुड असा आवाज येत असेल, तर तें कारागिरास आवर्जून सांगावें. रात्रभर सावलींत उभ्या राहिलेल्या गाडीचें उष्णमान सकाळीं भोंवतालच्या हवेच्या जवळपास असलें पाहिजे. तपासणीच्या यंत्रावर तें ६० अंश दिसत असेल, तर बॅटरीपेक्षां मोजणाऱ्या साधनावर किंवा त्याच्या तारेवर संशय घ्यावा. लाखांचें अंदाजपत्रक मान्य करण्यापूर्वीं हा साधा विचार पुष्कळांस वांचवील.

आमच्या भागांत आणखी एक दोष सर्रास आढळतो, आणि तो उघड्या डोळ्यांनीं दिसतो. साखर कारखान्यांच्या हंगामांत उसाच्या गाड्यांमागून व ट्रॅक्टरांमागून वाहन चालवावें लागतें. पाचटाचे तुकडे, काळ्या रानाची धूळ आणि किडे ह्यांनीं रेडिएटरच्या व त्याच्या पुढें असलेल्या गॅसच्या जाळीच्या फटी बुजतात. जाळी बुजली म्हणजे वारा अडला, आणि वारा अडला म्हणजे दोन्ही फेरे एकदमच दुबळे झाले. हंगाम संपतांच गाडी बंद व थंड असतां मऊ ब्रशानें व पाण्याच्या सौम्य धारेनें ही जाळी साफ करून घ्यावी. मोठ्या दाबाची पिचकारी मारूं नये. तिनें पत्र्याच्या पातळ पट्ट्या दुमडतात आणि विजेच्या जोडांत पाणी शिरतें.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटीं घेतला आहे, कारण त्याचें उत्तर आमच्या वाचकांस आधींपासून माहीत आहे. डाळिंबाच्या बागेंतील ठिबकच्या नळ्यांत क्षार बसून छिद्रें बुजतात, आणि तीं मोकळीं करण्यासाठीं आम्ही नळ्यांत आम्ल सोडतों. ज्या पाण्यानें ठिबकची नळी बुजते, तेंच पाणी बॅटरीच्या बारीक वाटांत घालण्यास हात कसा धजतो? शिवाय क्षारयुक्त पाण्यांतून वीज वाहते. बॅटरींत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो. म्हणून कित्येक कारखानदार वीज अत्यंत कमी वाहून नेणारें खास कूलंटच सांगतात. कूलंट नुसत्या रंगावरून ओळखूं नये, आणि दोन जातींचें एकत्र करूं नये; पुस्तिकेंत लिहिलेलें नांवच मागून घ्यावें. वाटेंत अगदींच अडचण आली तर गाडी सावलींत उभी करून निववावी व कारखानदाराच्या मदतीच्या क्रमांकावर विचारावें. पुस्तिकेंत परवानगी असेल तरच इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालतात तें शुद्ध केलेलें पाणी घालावें. तें घेतांना बाटलींत पाणी आहे कीं आम्ल, हें वाचून घेण्यास विसरूं नये. तापलेल्या टांकीचें झांकण कधींही उघडूं नये. नारिंगी रंगाच्या तारांस घरगुती कारागिरानें हात लावूं नये. त्यांतील दाब प्राणघातक आहे. कूलंट नव्यानें भरतांना नळ्यांतील हवा काढण्यासाठीं पंप यंत्राच्या आज्ञेनें चालवावा लागतो, आणि हें काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावें.

आगीविषयींही लोकांच्या मनांत धास्ती आहे, व ती अगदींच निराधार नाहीं. मार्च २०२२ मध्यें पुण्यांत विजेची एक दुचाकी रस्त्याच्या कडेस पेटली, आणि त्या सुमारास देशांत अन्यत्रही असे प्रकार घडले. त्यानंतर केंद्र सरकारनें तज्ज्ञांची समिति नेमून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. दुचाकींसाठीं एआयएस १५६ व चारचाकींसाठीं एआयएस ०३८ ह्या मानकांतील सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागूं झाल्या. नियम झाले तरी सावधगिरी सुटत नाहीं. गाडींतून फुसफुस आवाज, धूर किंवा उग्र वास येऊं लागल्यास सामानाचा मोह न धरतां सर्वांनीं उतरून दूर जावें व ११२ ह्या क्रमांकावर कळवावें. अशी बॅटरी विझल्यासारखी दिसून पुन्हां पेट घेऊं शकते. म्हणून तापण्याची तक्रार असलेली गाडी कडब्याच्या गंजीशेजारीं, गोठ्याला लागून किंवा घराच्या ओसरीखालीं उभी करूं नये. आमच्या मतें ही एक सूचना प्रत्येक वाड्यावस्तीवर पोंचली पाहिजे.

इतकें मालकाच्या कर्तव्याविषयीं झालें. परंतु सारा भार मालकावर टाकून कारखानदार मोकळे होऊं शकत नाहींत. १९१० सालीं किर्लोस्करवाडीची स्थापना झाली, आणि लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या रानांत शिरला. त्याच कारखान्यानें १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र मराठींत काढून आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोंचविली. शंभर वर्षांपूर्वीं नांगर विकणारास जें सुचलें, तें आज लाखों रुपयांची गाडी विकणारास सुचूं नये काय? आमच्या तीन मागण्या आहेत. गाडीबरोबर सोप्या मराठींतील पुस्तिका द्यावी, आणि तींत कूलंटची जात, तें बदलण्याची मुदत व तापल्यास काय करावें हें ठळक छापावें. समोरच्या पडद्यावर नुसतें कांसव न दाखवितां बॅटरीचें उष्णमान अंशांत दाखवावें. जो आंकडा गाडीस ठाऊक आहे तो मालकापासून लपविण्याचें कारण नाहीं. आणि हमी नाकारावयाची झाल्यास मालकासमक्ष दाबाची तपासणी करून कारण लेखी द्यावें. बॅटरीवर ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी बहुतेक कारखानदार देतात. ती कागदावर मोठी व प्रत्यक्षांत पातळ ठरूं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. परंतु तेथें तोंडी हकीकतीपेक्षां कागद बोलतो. आमचा सारा जन्म महसुलाच्या नोंदी लिहिण्यांत गेला, आणि नोंद नसलेल्या माणसाची सत्य बाजूही कशी पडते हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. म्हणून प्रत्येकानें गाडीसाठीं एक वही घालावी. कूलंटच्या पातळीची दरमहा नोंद, टांकीचें छायाचित्र, दुरुस्तीच्या पावत्या व सूचना उमटल्याची तारीख हीं तींत असावीं. आमच्या आप्तांपाशीं अशी वही असती, तर पातळी उतरत असल्याचें तुळजापूरच्या प्रवासापूर्वींच ध्यानांत आलें असतें.

कांहीं मंडळी म्हणतील कीं इतका खटाटोप असेल तर विजेची गाडी हवीच कशाला? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. डिझेलचें इंजिन आलें तेव्हां तेंही तापत होतें, अडत होतें, आणि त्याच्या हौदांत पाणी आहे कीं नाहीं हें पाहण्याची संवय आम्हांस लावून घ्यावी लागली. ती संवय लागली, आणि इंजिनावर मळे उभे राहिले. विजेच्या गाडीचा किलोमीटरमागचा खर्च थोडा आहे, तिला तेल बदलावें लागत नाहीं, आणि शेतावर सूर्याची वीज असेल तर इंधनही घरचेंच. राज्य सरकारनेंही २०२१ सालीं व पुन्हां २०२५ सालीं ह्या वाहनांस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें आहे. शिवाय प्रश्न मोटारीपुरता राहणार नाहीं. सोनालिका कंपनीनें डिसेंबर २०२० मध्यें विजेचा ट्रॅक्टर बाजारांत आणला. २०२३ सालीं सरकारी संशोधनसंस्थेचा प्रायमा ईटी ११ हा ट्रॅक्टर पुढें आला. रस्त्यावर धांवणाऱ्या मोटारीस निदान वेगाचा वारा मिळतो. नांगरटीच्या ट्रॅक्टरास वेग नाहीं, ओझें जबर, वर धूळ व ऊन. त्याची थंडाव्याची व्यवस्था समजून न घेतां तो घेणें म्हणजे घेतल्या दिवसापासून नुकसानीस आमंत्रण देणें होय.

म्हणून आमच्या संस्थेपुढें आम्ही एक निश्चित सूचना ठेवितों. दरवर्षीं फाल्गुनांत, ऊस हंगाम सरतां सरतां, तालुक्याच्या ठिकाणीं विजेच्या वाहनांची तपासणी एक दिवस ठेवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांस व होतकरू कारागिरांस त्या दिवशीं बोलवावें. कारखानदारांसही आपला माणूस पाठविण्यास लिहावें. जाळ्यांची सफाई, कूलंटची पातळी, नळ्यांच्या पट्ट्या, पंखा, पंप व गॅस हीं सहा कामें एका कागदावर लिहून प्रत्येक मालकाच्या वहींत सहीनिशीं नोंदवावीं. संस्थेच्या भांडारांत खतें-बियाण्यांबरोबर योग्य जातीचें कूलंट व शुद्ध पाणी ठेवावें, म्हणजे अडल्या माणसास बोअरकडे धांवावें लागणार नाहीं. आणि ज्या सभासदांस हमी नाकारल्याचा अनुभव आला असेल त्यांनीं कागदपत्रांसह कार्यालयास कळवावें. एकट्याची तक्रार टोपलींत जाते, पन्नासांची जात नाहीं.

तोंवर मालकांनीं एवढें तरी करावें. भर दुपारीं जलद चार्जिंग टाळून शक्य तों रात्रीं घरींच सावकाश गाडी भरावी. ती पूर्ण भरून दिवसेंदिवस उन्हांत उभी ठेवूं नये. जलद चार्जिंगनंतर घाट चढावयाचा असेल तर गाडी सावलींत थोडी निवूं द्यावी. दमलेल्या बैलास आम्ही जी वागणूक देतों, तीच ह्या यंत्रास दिली म्हणजे पुरे. पुढील चैत्रापूर्वीं संस्थेचें व्यवस्थापक मंडळ ह्या सूचनेचा विचार करील, अशी आम्हांस आशा आहे.